सर्व्हरला न चाललेली पहिली ओळ

हिंगोलीतल्या एका हळदीच्या अडत्याने मला काम दिलं होतं. त्याने दुकानातून रोजचे भाव भरायचे आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना ते वेबपेजवर दिसायचे. जमलं असतं तर बाजारातली आणखी दुकानं मिळाली असती आणि मला गावातच राहता आलं असतं. नाहीतर पुण्याच्या नोकरीला होकार कळवायचा होता. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मला अजिबात जायचं नव्हतं.

घरच्या कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनवर प्रोग्राम झकास चालायचा. वडील मागे उभे राहून बघायचे. म्हणाले, "पहिलंच काम हाय. सगळ्यात वर श्री लिही." लिहिलं. तेही रोमन अक्षरांत, कारण मराठी उमटवायचं म्हणजे तेव्हा डोक्याला ताप होता.

अडत्याला सायबर कॅफेत बसवून प्रोग्राम सर्व्हरवर चढवला, तर पानाऐवजी एक इंग्रजी ओळ आली : सर्व्हरमध्ये अंतर्गत चूक. कसली चूक, कुठली चूक, काही पत्ता नाही! सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "सर्वर तो बराबर है, आपका प्रोग्राम देखिए." अरे, प्रोग्रामही बराबरच होता! मग अडतंय कुठे, माझ्या कपाळात? पुन्हा चढवला, पुन्हा तीच ओळ. अडत्या उठला. "ऱ्हाऊ द्या. आमी भाव फोनवरच सांगू."

संध्याकाळी मी पुण्याला होकार कळवून टाकला.

घोळ दोघांच्या मधे होता, हे नंतर, पुण्याला निघायच्या आधी, एका जाड पुस्तकात सापडलं. सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यात बोलायची एक ठरलेली रीत असते. सर्व्हर मागणी कळवतो. प्रोग्रामने उत्तरात आधी मजकुराचा प्रकार सांगायचा, मग एक ओळ कोरी सोडायची, मग मजकूर. माझ्या प्रोग्रामने सुरुवातच श्रीने केली होती. तेवढ्यावरून त्या दगड सर्व्हरने सगळं फेटाळलं, आणि कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. मी श्री खाली मजकुरात सरकवला. पान उघडलं.

वडिलांना कॅफेत नेऊन दाखवलं. ते हरखले. "कशानं अडलं व्हतं रे?"

"सर्व्हरची तकलीफ व्हती," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

"मंग आता चालून राहिलं ना? काहून चालला पुण्याला?"

मी कॅफेवाल्याचे पैसे चुकते केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता ते, पान आता चालतंय हे कळवायला, अडत्याच्या दुकानावर गेले. परत येऊन चपला काढता काढता विचारलं, "पुण्याची गाडी किती वाजता हाय?"