तुळशीवरची राख

शेजारच्या सुशीलाकाकू तुळशीला पाणी घालण्याआधी ओल्या फडक्याने तिचं एकेक पान पुसतात. औष्णिक वीजकेंद्राजवळ राहणाऱ्या आम्हा लोकांची ही रीतच झाली आहे. रात्रीतून चिमणीची राख पानांवर येऊन बसते.

आज मी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो. काकू हसून म्हणाल्या, "रात्रभर कूलर चालवलास ना? ही घे त्याची राख."

थट्टाच ती, पण मनात रुतली. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली निजलेलं ऊन आपण कोळसा म्हणून उकरून काढतो, जाळतो, त्या धगीवर वाफ करतो, वाफेवर चाकं फिरवतो आणि तारेतून घरात गारवा आणतो. गारवा सकाळपर्यंत विरून जातो. राख मात्र कुठेच जात नाही. ती बसून राहते, पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, काकूंच्या कोरड्या खोकल्यात.

काकूंनी एक पान पुसलं. फडकं पिळून पुन्हा पुसलं. मग अंगठ्याने चोळलं, आणि त्यांचं हसू मावळलं.

"राख निघाली रे," त्या हळूच म्हणाल्या, "पण पान हिरवं होत नाही."

माझ्या घरात कूलर अजून चालूच होता.