अकरा घुबडं आणि एक बेडूक

मी आजवर बरीच पत्रकं लिहिली. पाण्याच्या वेळांवर, बंद लिफ्टवर, सेक्टरातल्या मैदानाला लागलेल्या कुलपावर. परिणाम एकाचाच झाला. ते पत्त्यांच्या खेळाबद्दल होतं.

रमी किंवा तीनपत्ती नव्हे. या खेळात प्रत्येक जण आपली गड्डी, म्हणजे डेक, स्वतः जुळवून आणतो. पत्ते बंद पाकिटातून मिळतात. साधे ढिगाने निघतात, दुर्मीळ क्वचित. ज्याला दुर्मीळच हवेत तो सुटे विकत घेतो. अशा एका पत्त्याच्या पैशात चांगली चप्पल येते. कागद तोच, शाई तीच, मग भाव असा का, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

जुईनगर स्टेशनजवळच्या एका दुकानात दर रविवारी आम्ही बारा जण खेळायचो. कुणाचे साप, कुणाची भुतं, कुणाचं नुसतं जंगल. दोघांकडे मात्र घुबडं होती. त्या डेकमध्ये चार महागडी घुबडं, बाकी सगळे त्यांचे नोकर.

माझी मैत्रीण बेडूक खेळायची. ती पावणे गावातली, तिथल्याच खोक्यांच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर. लोक पाकीट फोडून नको ते पत्ते टेबलावर टाकून जात. तिने ते गोळा करून डेक उभा केला. एकटा बेडूक कुचकामी, पण सात-आठ जमले की समोरच्याला हलता येत नसे. रविवारच्या चार डावांपैकी तीन ती जिंकायची. चौथ्यात घुबड समोर यायचं आणि बेडूक संपायचे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी जो जिंकेल त्याला दुकान पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत पाठवणार होतं. तिला ती जागा हवी होती.

"हितले सगले माजे बेडूक ओलखतात," ती म्हणाली. "एकदा अनोलखी मानसांसमोर बसायचं हाय."

एवढं ऐकून मी लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत आरोप करायचा, असं मला शिकवलेलं. 'घुबडं विकत मिळतात, डोकं नाही.' मागणी एकच: झेरॉक्स पत्ते चालू द्या. उदाहरण म्हणून पावण्याची एक कामगार खेळाडू घातली. तिला विचारलं नाही. पत्रकात उदाहरणं विचारून घालत नाहीत.

दुकानदार म्हणाला, "भावा, तू ते दारावर चिकटवलंस, गिऱ्हाईक बाहेरच वाचत उभं राहतं. चल, या महिन्याला झेरॉक्स चालेल. आता तरी काढ."

मी घुबडांच्या पूर्ण डेकच्या प्रती काढल्या, कापल्या, जुन्या पत्त्यांवर ठेवून प्लास्टिकच्या पाकिटांत घातल्या आणि फुकट वाटल्या. एक संच तिच्यापुढेही ठेवला. तिने तो परत सरकवला.

"पुढारी, मना घुबड नको."

"अगं, आता सगळे समान झाले."

"तेच बघते हाय."

शेवटच्या रविवारी बारापैकी अकरा जणांनी घुबडं मांडली. दोघांची खरी, माझ्यासकट नऊ जणांची झेरॉक्स. साप, भुतं, जंगल सगळं घरी राहिलं. एरवी दुकानात टोमणे चालायचे, त्या दिवशी कुणाला टोमणा मारायला काही नव्हतं. समोरचा काय टाकणार ते प्रत्येकाला ठाऊक होतं. ती चारही डाव हरली. पूर्वी चारात एकदा येणारं घुबड आता चारदा आलं.

इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी जिंकला, झेरॉक्सवर. मग दुकानदाराने मोबाइलवर पुण्याचे नियम वाचले. तिथे फक्त अस्सल पत्ते. हे मी आधी वाचायला हवं होतं. विद्यार्थ्याकडे अस्सल घुबड एकही नव्हतं. दुकानदार यादीतून खाली खाली येत गेला आणि पाचव्या नंबरवर थांबला. तो खऱ्या घुबडांच्या दोन मालकांपैकी एक. जागा त्याला गेली. अस्सल डेक तिचाही होता, पण ती बाराव्या नंबरवर होती.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पुण्याच्या नियमावर पत्रक काढतो. उद्याच."

"माजं नाव नको."

"नाव कधी घातलं होतं?"

"पावन्याची कामगार खेलाडू. कारखान्यात तीन जनींनी इचारलं, ती गरीब बिचारी तूच का म्हनून."

मी सॉरी म्हणालो. तिने ते ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी ती दुकान उघडायच्या वेळेलाच आली आणि मला माझी झेरॉक्स घुबडं काढायला लावली. खऱ्या घुबडांच्या दोन्ही मालकांनी तिच्याशी सराव म्हणून कधी डाव मांडला नव्हता; महिन्यात दोन-चारदा घुबड दिसायचं, तेही हरताना. आता ते माझ्या हातात फुकटात होतं. मी सलग पाच डाव जिंकलो. प्रत्येक डावानंतर ती विचारायची, घुबड कितव्या चालीला आलं, त्याआधी माझ्या हातात काय होतं. सहाव्याला माझं घुबड आलं तेव्हा त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

"परत," ती म्हणाली. "आनि मुद्दाम हरू नको."

"मी मुद्दाम हरलो नाही."

"मंग बरंय."

झेरॉक्स चालावी, असं मी आजही म्हणतो. पुण्याच्या नियमावरच्या पत्रकाचा मसुदा त्या दिवशी माझ्या पिशवीत होता. तिने तो मागून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या डेकमधून कोणते बेडूक काढून टाकायचे त्याची यादी करायला घेतली.