शिगोशीग साखर

समोरच्या फ्लॅटमधली नववीतली मुलगी काल आमची वाटी परत द्यायला आली. परवा मी त्यांना उसळ दिली होती. रिकामं भांडं परत करू नये म्हणून आपण त्यात चिमूटभर साखर घालतो. हिने वाटी शिगोशीग भरून आणली होती. किती घालायची, हे तिला कुणी सांगितलेलंच नसावं.

"आईने दिलीय," ती म्हणाली.

"बरी आहे ना गं आई?"

"हो काकू. झोपलीय."

सकाळचे अकरा वाजले होते, शाळेचा दिवस होता आणि तिच्या बोटांना कणीक चिकटलेली होती.

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण ते उत्तर ऐकूनच मी दमले. माझी लेक एवढीच असताना दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायची. माझ्या आजाराला डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणेपर्यंत ती कुकर लावायला शिकली होती, आणि माझ्या चेहऱ्यावरून दिवस कसा जाणार ते ओळखायलाही. आज ती तिशीची आहे. अजूनही फोनवर आधी माझा आवाज नीट ऐकते, आणि मगच स्वतःचं काही सांगायचं की नाही ते ठरवते. बहुतेक वेळा सांगत नाही.

साखर डब्यात ओतली. समोरचं दार केव्हाच बंद झालं होतं.

"आई झोपलीय," माझी लेक दारात सांगायची. मी झोपलेली नसायचेच. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मी तिचा प्रत्येक शब्द ऐकत असायचे.