अक्कांचं पेन आणि खोक्यांची शाई

शाई म्हणजे शाई, असं मला वाटलं. तेवढ्यावरून सगळं झालं.

मी जळगावकडे, सावद्याला केळीच्या पॅकिंगमध्ये काम करतो. घर कोकणात, सावंतवाडीच्या पलीकडे. आठवीत गणिताला कंटाळून शाळा सोडली आणि कामं धरत धरत इतक्या लांब येऊन पडलो. राहायला जागा मिळाली ती मालकांच्या आईमुळे. त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. मला आठवीच्या पुढे काही येत नाही हे कळल्यावर त्यांनी ओसरीत बसवून मला शिकवायला घेतलं, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून दहावीला बसवलं. मी पास झालो. हे लिहितोय तेही त्यांच्यामुळेच.

गेल्या वर्षी अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात वाचला, पण बोटं आत वळायला लागली. डॉक्टर म्हणाले, रोज एक पान लिहा. बॉलपेन दाबून लिहावं लागतं, ते त्यांना जमेना. मग त्यांनी कपाटातून आपलं जुनं पेन काढलं. काळं, करंगळीएवढं बारीक, पोटाला छोटी पितळी दांडी. निब शाईत बुडवायची, दांडी उचलायची, सोडायची, की आतली रबरी पिशवी शाई ओढून घेते. ते पेन नुसतं टेकलं तरी चालायचं. सहा महिने अक्का त्यानं रोज पानभर लिहीत होत्या आणि बोटं एकेक करून सरळ होत होती.

एक दिवस शाई संपली. मला म्हणाल्या, "येताना दौत घेऊन ये रे." बाजारात मिळाली नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं? माझा स्वभावच असा भित्रा, की कोणी पाणी मागितलं आणि माठ रिकामा असला तर मलाच अपराध्यासारखं वाटतं. पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांवर शिक्के मारायची जांभळी बाटली दिसली. तीच शाई घरी नेऊन पेनात भरली आणि दुसऱ्या दिवशी पेन अक्कांच्या हातात दिलं.

दोन ओळी उमटल्या, मग पेन बंद. अक्का म्हणाल्या, "म्हातारं झालं बिचारं. माझ्यासारखंच." मी तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "मी बघतो," म्हणालो आणि पेन खिशात घातलं.

शिक्क्याची शाई चिकट असते, पाकासारखी. ती आत धरून बसली होती. मी पेन कढत पाण्यात टाकलं. अर्ध्या तासानं काढलं तर काळं पेन चहाच्या रंगाचं झालेलं! घाबरून दांडी जोरात उचलली, तर आत काहीतरी फाटल्याचं बोटांना कळलं. म्हणजे आधी नुसतं बंद होतं, आता मी ते मारलंच.

पुढचे तीन आठवडे आठवले तरी डोकं दुखतं. जळगावला सुट्टीच्या दिवशी स्टेशनरीची पाच दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी तेच. "जेल पेन घ्या ना, भाऊ, मस्त चालतं." मी म्हणायचो, जेल पेन नको, याची रबरी पिशवी हवी. "कशाची पिशवी?" एकानं तर सामान भरायची पिशवीच पुढं केली. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, तर त्यात गोऱ्या हातांचा एक माणूस इंग्रजीत इतका सावकाश बोलत होता की मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. शेवटी सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची नळी आणली, पेनाची निबेकडची मान पिळून उघडली, नळीच्या एका टोकाला दोरा बांधून ती कशीबशी बसवली, मान डिंकानं चिकटवली आणि जळगावहून आणलेली शाई भरली. शाई दांडीच्या फटीतून बाहेर आली आणि माझ्या एकुलत्या एक चांगल्या शर्टावर पसरली. तो शर्ट आता मी पोछ्याला वापरतो.

आणि रोज संध्याकाळी अक्का विचारायच्या, "झालं का रे?" मी म्हणायचो, "होतंय." त्यांचा हात मांडीवर असायचा, आणि करंगळी पुन्हा तळव्याकडे वळलेली मला दिसायची.  रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं, की धुळ्यात एक घड्याळवाले नाना आहेत, ते पूर्वी पेनंही करायचे. रजा टाकून एसटीनं धुळ्याला गेलो. नानांचं दुकान म्हणजे भिंतीतलं एक कपाटच. नानांनी पेन हातात घेतलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय भरी टाकं येमा? शाई शे का डांबर?"

"कोणीतरी भरली," मी म्हणालो.

नानांनी माझी जांभळी बोटं धरून उजेडात नेली. "हां. कोणीतरी. आणि उकाळं कोनी? चहा करना व्हता का?"

मी मान खाली घातली आणि कोकणातून आल्यापासूनचं सगळं सांगून टाकलं, अक्कांना अजून खरं सांगितलं नाही हेही. नाना म्हणाले, "माले आते बारीक दिसत नही. मी सांगस, तू कर."

मी? मी म्हटलं, नाना, माझ्या हातून आधीच एवढं झालंय. ते म्हणाले, "मंग आजून काय व्हई? बस आठे."

मी बसलो. पेटलेल्या बल्बजवळ पेन धरून फिरवत राहायचं, निबेकडची मान सैल पडेपर्यंत. मला वाटायचं पडली, नाना म्हणायचे, "नही." पुन्हा वाटायचं, पुन्हा "नही." बोटं भाजली. शेवटी मान सुटली आणि माझी नळी जांभळ्या लगद्यासकट टेबलावर आली. निब, निबेखालची जीभ, सगळं गार पाण्यात धुतलं. पाणी जांभळंच येत राहिलं, किती वेळा बदललं ते आठवत नाही. नाना तोवर शेजारच्या दुकानदाराला सांगत होते, "कोकणना पोरगा शे. मासा उकाळतस तसा पेन उकाळा येनी." दोघं हसले. मला हसू आलं नाही.

मग नानांनी एक डबी काढली. आत जुन्या रबरी पिशव्या. एकेक दाबून बघायला सांगितली. बहुतेक वाळून कडक झालेल्या, हातात चुरा व्हायच्या. इतक्या बारीक पेनाला बसेल अशी मऊ एकच निघाली, आणि ती लांब होती.

"काप," नाना म्हणाले. लांब राहिली तर आत दुमडेल, आखूड झाली तर शाई ओढणार नाही, आणि दुसरी नाही. मी पिशवी पेनाच्या पोटाशी तीनदा धरून बघितली आणि ब्लेड टेकवलं.

"अरे, बठ्ठीच कापी टाकशी का? आजून मांगे ले!"

बठ्ठी म्हणजे सगळी. मी ब्लेड मागं घेतलं आणि कापली. नानांनी ती बोटानं चाचपली. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख त्यांच्याकडे बाटलीत होती, बांगडीवाल्याकडून आणलेली. तिचा एक थेंब लावून पिशवी मानेवर चढवली. वाळायला दोन तास. तेवढ्यात वाळली का बघायला माझा हात चौथ्यांदा पुढं गेला तेव्हा नानांनी पट्टीनं मारलं. वाळल्यावर पिशवीला पावडर फासून पेन जोडलं, नानांच्या दौतीत निब बुडवली, दांडी उचलून सोडली, दहा आकडे मोजले. कागदावर निळी रेघ आली.

निघताना मी नानांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "त्या बाईले खरं सांग आते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगितलं. शिक्क्याची शाई, कढत पाणी, दांडी, सगळं. अक्का पेन उलटसुलट करून बघत होत्या.

"जांभळी शाई मला त्याच दिवशी दिसली होती," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर पोरांची पाटी बघितलीय मी. तू कधी बोलतोस ते बघत होते. तीन आठवडे लावलेस रे गाढवा. माझी करंगळी बघ."

"अक्का, मला वाटलं तुम्ही मला जायला सांगाल."

"कुठं जायला? तुला धड शाई ओळखता येत नाही, तू जाशील कुठं? कागद दे."

कागद दिला. "तुझ्या आईचा पत्ता सांग." मी सांगितला. अक्कांनी पेन धरलं. करंगळी कागदावर घासत होती, पहिली ओळ तिरकी जाऊन पानाबाहेर पडायला आली. लिहिलं होतं, "तुमच्या मुलाने माझे पेन उकळले." दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या, डाव्या हातानं करंगळी सरळ केली आणि पुन्हा लिहायला लागल्या. चार ओळींना पाऊण तास लागला. शेवटच्या ओळीत माझ्याबद्दल एक बरं वाक्य होतं, आणि ते लिहिताना त्यांना करंगळीला डावा हात लावावा लागला नव्हता.