विमलाबायने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर

डिचोलीत बाजाराच्या मागे विमलाबायचे जळलेल्या मोटरींच्या तारा नव्याने गुंडाळून द्यायचे दुकान होते. खाणींवरचे जळलेले पंप तिच्याकडे येत. नवरा अकाली गेला तेव्हा दिरांनी दुकान विकायला सांगितले. गिऱ्हाइकांशी घरधनी बोलत, तारा मीच गुंडाळत होते, एवढेच ती म्हणाली आणि दुसऱ्या आठवड्यात तिने दुकान उघडले.

शहाऐंशी सालच्या अखेरीस पेडण्याचे कृष्णनाथ तिच्याकडे आले. वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस हौसेने जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा. घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांची बायको पद्मावती रोज सकाळी गाणे ऐकत. मेहुण्याने बहारिनहून दोन मोठे स्पीकर आणले आणि सगळे बिनसले. नुसता तंबोरा बरा वाजे, पण तबला सुरू झाला की आवाज चिखलात रुतल्यासारखा होई. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, असे जो तो सांगे. पद्मावतींना तो आवाज कोरडा वाटायचा.

विमलाबायने सगळे ऐकून घेतले. "यंत्र वायट नाय, बाब," ती म्हणाली. "त्येका भार झेपना नाय. खाणीवरलो पंप सुरू करताना असोच बसता."

कृष्णनाथांचाही तोच अंदाज होता. हे स्पीकर खालच्या सुरांना फार करंट ओढत, आणि व्हॉल्व्ह व स्पीकर यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर त्या बेताचा नव्हता. लोखंडाचा मोठा गाभा, जाड तार घेऊन नवा गुंडाळायचे ठरले. असले नाजूक काम तिने कधी केले नव्हते, हे तिने आधीच सांगून टाकले.

ट्रान्सफॉर्मर तयार झाल्यावर बसवायला ती स्वतः पेडण्याला आली. पद्मावती लहानपणी ज्यांच्याकडे गाणे शिकल्या होत्या, त्या बाईंची तबकडी लावली. तबला खणखणीत आला. पद्मावती हळूच म्हणाल्या, "तबला आला गो, पण बाईंचा गळा बसला."

त्याच दिवशी गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या आंदोलनाने पेट घेतला. रस्त्यांवर झाडे आडवी पडली, बस बंद झाल्या. विमलाबायला तिथेच राहावे लागले. कृष्णनाथ मराठीचे, ती कोकणीची. जेवताना दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हा पद्मावतींनी दोघांना आमटी वाढून विषय बदलला.

सकाळी मात्र विमलाबाय स्पीकरसमोर जमिनीवर बसली. तिने पद्मावतींना तेच पद गायला सांगितले, मग तबकडी ऐकली, मग पुन्हा गायला सांगितले. गळ्याचे वरचे, बारीक सूर हरवताहेत हे तिच्या कानाला कळले. कृष्णनाथांनी कागदावर आकृती काढून दाखवली: व्हॉल्व्हकडची आणि स्पीकरकडची अशा दोन्ही तारांचे थर वेगवेगळे न ठेवता एकाआड एक घालायचे. तिने स्वतःची सगळी मेहनत उलगडली. एक एक वेढा सोडवत, तार न दुमडता, मधे कागद घालत तिने तो ट्रान्सफॉर्मर हाताने पुन्हा गुंडाळला. दरम्यान जोर कमी पडू नये म्हणून कृष्णनाथांनी व्हॉल्व्हची आणखी एक जोडी चढवली. मधेच बस सुरू झाल्या, तरी ती गेली नाही.

काम पुरे झाले तेव्हा दुपारचे जेवण ताटात निवत होते. तबकडी फिरू लागली. तबला होता, गळाही होता. एका ओळीआधी बाईंनी श्वास घेतला, तो स्पष्ट ऐकू आला.

पद्मावतींनी डोळ्यांना पदर लावला. "शिकवताना बाई असाच श्वास घ्यायच्या," त्या म्हणाल्या. विमलाबायने फक्त ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून तो तापला नाही ना, ते पाहिले.

गोवा राज्य झाले त्या वर्षापासून म्हापसा, सावंतवाडीकडचे हौशी लोक डिचोलीला तिच्या दुकानाचा पत्ता विचारत येऊ लागले. नुसता अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलेल्याला ती स्पीकर आणायला परत पाठवी. मोरजीचा एक हॉटेलवाला एकदा बराच वाद घालून गेला आणि पुढच्या आठवड्यात टेंपोत दोन्ही स्पीकर घालून आला. तिने ते दुकानाच्या दारातच उतरवायला लावले आणि हातातली मोटर बाजूला ठेवून ऐकायला बसली.