दादाच्या वाटणीची गोळी

औषधाच्या डबीचं झाकण उघडलं, की मला सांगलीच्या त्या दवाखान्यातला फिनेलचा वास आठवतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरच्या एका नव्या औषधाची तिथं चाचणी चालू होती आणि माझे वडील, आबा, त्यात होते. उरलेल्या गोळ्या दर वेळी परत दाखवायच्या असत. त्या दिवशी आबांनी रिकामीच डबी पुढं केली. डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा सहज म्हणाले, "थोरल्या दादाच्या बी छातीत कळ येती. त्येला सोडून म्या एकट्यानं कसं खावं? निम्म्या त्येला दिल्या." बाई रागावल्या नाहीत. दादाला तपासायला घेऊन या म्हणाल्या, आणि आधी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं: चाचणीत काहींना औषध नसलेली, फक्त तशीच दिसणारी गोळी मिळते, कुणाला कुठली, ते आम्हालाही कळत नाही. आबांचं तोंड उतरलं. "म्हंजी म्या दादाला पीठ चारलं आसंल?" म्हणाले, आणि आमचं गाव जत येईपर्यंत एसटीत मान खाली घालून बसले. चुलते, म्हणजे आबांचे थोरले दादा, दारातच वाट बघत होते. "आणल्यास का रं? लय आराम हाय त्या गोळीनं." आबा मेंढरं बघायचं निमित्त करून गेले, ते दिवेलागणीपर्यंत घरात आले नाहीत. आता मलाही हृदयाची गोळी सुरू झाली आहे. सकाळी समोर थोरला भाऊ चहा पीत बसलेला असतो, आणि मी भिंतीकडं तोंड करून ती गिळतो.