दिरांचा मोठा अधिकार

माझे थोरले दीर फौजेत बिनतारी खात्यात होते. तिथं जन्मभर ठोकलेल्या सलामांची भरपाई त्यांनी कवठे महांकाळला परतल्यावर आमच्याकडून करून घेतली. पेन्शनीतून कॉम्प्युटर आणला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. का, तर गावात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं, पण सांगणार कोण? मी तर त्यांच्यासमोर कधी तोंडच उघडलं नाही.

माझी लेक विश्रामबागेत कॉलेजला होती. तिचा अहवाल फ्लॉपीवर होता. तो छापून दुपारच्या एस.टी.नं पोचवायचा, नाहीतर वर्ष वाया. प्रिंटर दिरांकडेच. पानं पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम उघडला, की तिथूनच छापायचं होतं.

लेकीनं आपल्या नावानं मशीन सुरू केलं, हुकूम टाईप केला. मशीन जुनं, वेळ लागत होता. दिरांना दम कुठला!

"सरक गं. साध्या माणसाचं ऐकतंय व्हय ते? वरच्या अधिकाऱ्यानं सांगावं लागतं."

तिचा हुकूम मधेच तोडून तिच्याच पडद्यावर ते लिनक्सचे मालक झाले. त्याला रूट म्हणतात. पासवर्ड आम्हाला दिसू नये म्हणून पाठ आडवी धरली, जसं काही आम्ही तो चोरून देश विकणार होतो. प्रोग्राम उघडेना. पडद्यावर इंग्रजी उमटायचं. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार?

"पडदा उघडता येत न्हाई म्हणतंय," लेक हळू म्हणाली. "काका, पडदा माझ्या नावावर सुरू हाय. तो रूटला वापरू देत न्हाई..."

"रूटला न्हाई म्हणतंय? फौजेत असतं तर उभंच केलं असतं उन्हात!"

तोच हुकूम ते पुन्हा पुन्हा बडवत राहिले. शेवटी म्हणाले, "आता समदं पुसून नवं घालतो."

लेकीचा चेहरा उतरला. मी चहा केला, सोप्यात ठेवला आणि दारातून बांगड्या वाजवल्या. दिरांना हाक मारायची आमची तीच रीत. चहा म्हटल्यावर ते उठले. लेक रूटमधून बाहेर पडली, आपल्या नावानं तोच हुकूम दिला आणि नुसती थांबली. पडद्यावर पानं आली.

दीर मिशा पुसत परतले. "बघितलंस? वरनं दम दिला की कसं सरळ येतंय!"

"व्हय काका," म्हणत तिनं छापायला लावलं.

एस.टी. मिळाली, वर्ष वाचलं. ते आपणच वाचवलं असं दीर पारावर सांगत सुटले. मी गप्प राहते, त्याला ते आदर समजतात.